बक्षिसाच्या आधी नाव सांगणारी

माय, सगळ्यात पहिले आली ते मागच्या गल्लीतली किराणावाली. चक्कीवर चालली म्हणे, पण डोक्यावरच्या डब्यात दाणा नव्हता, रिकामाच खडखडत होता. ओसरीत पाय ठेवल्या ठेवल्या म्हणते, "काऊन व आजी, तुमाले अगोदरच कसं मालूम होते? टीव्हीवाले फोन करतात का तुमाले?" मी लाखोरीची डाळ निवडून राहिली होती, ते सुपातच राहिली, इतकी हसली मी. तिच्या मागं तिची जाऊ आली, जावेच्या मागं तिची बहीण, अन् दुपारपर्यंत आमच्या अंगणात चपलाच चपला. सून आतून ओरडते, "आई, चहापत्ती सरली!" अन् मी म्हणते, सरू दे, आण अजून. खोटं कायले बोलू, लई गोड वाटलं मले. एवढ्या वर्षांत माझ्याकडं कोणी काही विचाराले आलं नव्हतं, मीठ मागाले यायचे तेवढंच.

तुले काही समजलं नसेल. तू गेली तवा गावात एक रेडिओ होता, तोही दुसऱ्याच्या घरी. आता घरोघरी टीव्ही आहे, अन् त्याच्यात रोज संध्याकाळी मालिका लागतात. एक गोष्ट वर्षानुवर्षं चालते, त्यातल्या सासवा-सुना आपल्या घरच्यावाणी होऊन जातात. मग दरवर्षी चॅनलवाले बक्षिसं देतात, चांगली सून, चांगली सासू, चांगली खलनायिका, चांगला नायक. बक्षिसाच्या पहिले नावं निघतात, एकेका बक्षिसाले चार-पाच नावं, अन् त्यातल्या एकाले मग बक्षीस भेटते. त्या नावांले नामांकन म्हणतात, हा शब्द मले नातीनं शिकवला. माझी तर चौथीत शाळा सुटली, तुले माहीतच आहे, हे पत्रही मी काना-मात्रा चाचपत लिहून राहिली. पण खरं सांगू, मले बक्षिसापेक्षा त्या नावांचीच मज्जा वाटते. कोणाले घेतलं अन् कोणाले गाळलं, त्यातच सगळं समजते.

अन् ते ओळखणं काही अवघड नाही. ज्या मालिकेत नायिका स्वयंपाक करते पण कढईतून वाफ निघत नाही, तिले मी मोजत नाही, चॅनलवाले मोजतात. जिची मालिका संपाले आली तिचं नाव येत नाही, काम सोडून चाललेल्या बाईले कोण लुगडं घेईल? जी नवीन आहे, जिचा फोटो बसच्या मागं लावला, तिचं नाव हमखास येते, मग तिले रडता येवो का न येवो. अन् ज्या खलनायिकेले बाया धानाची रोवणी करता करता शिव्या देतात, तिचं तर पक्कंच. साडीच्या दुकानावाली एक मालिका आहे, त्यातली थोरली जाऊ पाहाले पाहिजे होती तू. वर डोळा न करता भाजी निवडते, अन् तेवढ्यातच अर्धं घर पेटवून देते. तिचं नाव दोनदा गाळलं त्या मेल्यांनी, मी दोन दिवस टीव्ही लावला नाही.

हे सगळं मी बडबडत होती, अन् नातीनं मोबाईल समोर धरला. नात कुडव्याले खोली करून राहते, गोंदियात कॉलेज करते, सुट्टी असली की स्कुटी घेऊन येते. "आजी, आता बोल, कोणाकोणाची नावं येतील?" मी भाकर थापता थापता सगळी नावं सांगतली. तिनं ते मोबाईलवर टाकलं. पुढं नावं निघाली तर जेवढी सांगतली होती तेवढी सगळी खरी. मग ते मोबाईलवरचं या गावातून त्या गावात गेलं, सौंदडच्या स्टेशनावरही कोणीतरी पाहून राहिलं होतं म्हणे. म्हणून त्या चपला.

तुझी आठवण त्याच दिवशी आली. मंडईच्या जत्रेतला दंडारीचा खेळ आठवते मले, दुपारचं ऊन, अन् मी तुझ्या मांडीवर. सोंगं यायच्या आधीच तू माझ्या कानात सांगते, "आता हा भाऊ त्या भावाले फसवते, पाहजो." अन् तो फसवतेच. तुले टीव्ही भेटला असता तर माझी काय बिशाद होती! धानाचंही तुझं तसंच. त्या वर्षी मालकाच्या धानशेतात, बांधीच्या धुऱ्यावर उभी राहून तू सरळ बोलून गेली, "हे धान लोंबीवर येत नाही जी." तू धानाच्या बुडाशी बारके कीडे पाहिले होते, मलेही वाकवून दाखवले होते. पुढं तुडतुडा पडला अन् बांधीच्या बांधी जळाल्यावाणी झाल्या. कीडे कोणी पाहिले नाही, तू बोलली तेवढं सगळ्यांनी ऐकलं.

पहिले लोक तुले विचाराले आले. मग यायचे बंद झाले. मग एक दिवस बोलवाले आले. पारावर पुजाऱ्यानं सुपात तांदूळ टाकले, सूप हलवलं, अन् तांदूळ तुझ्या बाजूले सरकले म्हणून सगळे मागं हटले. सूप त्याच्याच हातात होतं, माय, तोच कलवत होता, मी बाबाच्या पायाआडून पाहिलं. सालेकश्याकडं जिले टोनही म्हणतात, करणी करणारी, तो शब्द मी पहिल्यांदा तुझ्याच नावापुढं ऐकला. हात लावला नाही कोणी, म्हणून बाबा देवापुढं नारळ फोडून आले. पण विहिरीवर तू गेली की बाया घागरी उचलाच्या, अन् रोवणीले कोणी हाक मारली नाही. त्यानंतर मी एकदा चुलीपाशी म्हणली, "उद्या मामा येईल," तर तू पिठाच्या हातानं माझ्या तोंडावर मारली. "कोणाचं उद्याचं बोलू नको. बाईनं उद्याचं बोलू नये." मग कोणीही काहीही विचारो, पाणी येईल का, गाय कधी विते, तुझं एकच, "मले का मालूम." मले तवा तुझा राग यायचा. वाटे, माझी माय मुकी झाली.

आता ऐक, पुढं का झालं. चपला कमी झाल्या अन् एक पांढरी गाडी आली. नदीपलीकडच्या गावची एक बाई, माझ्याहून थोडी लहान, तिचा भाऊ, अन् मागं मान खाली घातलेली तिची सून. बाईनं नारळ अन् ब्लाउजपीस माझ्यापुढं ठेवला अन् पायावर डोकं टेकवलं. मी पाय ओढून घेतले. मले वाटलं, मालिकेचंच विचाराले आले असतील, मी हसून म्हणली, "कोणती पाहता तुम्ही?" बाई रडाले लागली. तिचा पोरगा अंथरुणाले खिळला आहे, अन्न जात नाही, हाडं दिसतात. "डॉक्टरले दाखवलं का?" मी विचारलं. "दाखवलं न, गोळ्या देल्या, फरक नाही." मग भाऊ पुढं सरकला. तो गोंदियात धंदा करते, बोलणं अर्धं हिंदीच. "अम्मा, आपको तो सब दिखता है. टीव्ही में इतने लोग, तुम्ही बरोबर नाव काढलं. आमाले एकच नाव पाहिजे."

"कोणाचं?"

"जिनं केलं तिचं."

मी हातातली चहाची बशी खाली ठेवली. तो सांगते, बहिणीच्या घरामागं एक काकी राहते, एकटीच, नवरा नाही, पोरबाळ नाही, पोराकडं टक लावून पाहते. "आमाले मालूमच आहे. तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी गाव पाहून घेईल." बाकी गाव पाहून घेईल! किती सहज बोलला तो. मी तिथंच म्हणाले पाहिजे होतं की उठा, निघा. पण माझ्या तोंडून का निघालं, "मले जरा पाहू द्या." भ्यालेली बाई वेळ काढाले जे बोलते ते मी बोलली. त्यांनी ते कबुली समजून हात जोडले.

नात आली तर कपाळावर हात मारून बसली. "आजी, पाहू द्या काऊन म्हणली व तू? त्यांले वाटलं तू देव अंगात आणून पाहशील!" मग सांगते, याच्यावर कायदा आहे, असं नाव घेणाऱ्यालेही धरतात, घ्याले लावणाऱ्यालेही. मी म्हणली, मी तर नुसत्या मालिका पाहते. ती म्हणते, "मग लोकांले दाखव की तुले काही दिसत नाही. दुसऱ्या चॅनलची नावं निघाची आहेत. मी पुन्हा मोबाईल धरते, तू सगळं चुकीचं सांग. जाहीर चूक."

माय, जन्मात असं कठीण काम केलं नाही. एक नायक आहे, सागाचं खोड उभं केल्यावाणी. त्याच्या तोंडावर माशी बसली तर माशीच चांगलं काम करते. त्याचं नाव मी "सर्वोत्कृष्ट नायक" म्हणून घेतलं. नात मोबाईलमागं हसू दाबते, "आजी, पोटात दुखते का?" "दुखते व माय, लवकर आटप." मग जी मालिका पुढच्याच महिन्यात बंद होणार ते चांगली मालिका म्हणून सांगतली, अन् चांगली माय म्हणून अशी बाई सांगतली की तिले लेकराले कडेवर घेता येत नाही, बोचकं धरल्यावाणी धरते. माझी आवडती थोरली जाऊ मी मुद्दाम गाळली. गाळताना जीभ जड झाली माझी. पण त्या दिवशी झोप चांगली लागली. वाटलं, आता सगळं गाव हसेल, म्हणेल म्हातारीचं डोकं गेलं, अन् पांढरी गाडी परत जाईल.

नावं निघाली तवा आम्ही सगळे टीव्हीपुढं. पहिलंच नाव, सागाचं खोड. सून टाळ्या वाजवाले लागली. मग ते बंद होणारी मालिका, कायले तर म्हणे निरोप म्हणून मान. मग बोचकेवाली. नातीनं माझ्याकडं पाहिलं तर तिचं तोंड उतरलेलं. आता कोणाले सांगू की त्या चॅनलवाल्यांलेच अक्कल नाही, वाईटाचं नाव घेतलं तर तेच चांगलं ठरवतात? कोण ऐकेल? दुसऱ्या दिवशी त्या भावाचा फोन. आवाजात कसा आदर! "अम्मा, सारी दुनिया एक बोली, आप उल्टा बोली, तरी तुमचंच खरं झालं. आता तर आमचा पूरा भरोसा बसला." मी म्हणली, "बाबू, मी ते मुद्दाम खोटं सांगतलं होतं." तो हसला. "मोठे लोक असंच बोलतात, अम्मा. नाव ऐकाले येतो आम्ही."

 माझा पोरगा म्हणते नागपूरले त्याच्या बहिणीकडं जाऊन राहा महिनाभर. गेली असती. पण मी गेली तर ते कोणा दुसरीकडं जातील, अन् तिच्या तोंडून हो निघेल. नात गावच्या पोलीस पाटलाकडं जाऊन आली, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरले सांगून आली, ते दोघंही, गाडीवाले येतील त्या दिवशी, माझ्या ओसरीत बसणार आहेत. त्या पोराले गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात न्या, एवढंच मी बोलणार, नाव घेणार नाही. पाठ करून ठेवलं आहे. अन् ते चिडले, अन् म्हणले ही सांगत नाही म्हणजे हिचंच काम, तर? हे नातीले बोलली नाही मी. तुले बोलते, तुले माहीत आहे ते पुढं कसं जाते.

एवढी वर्षं मी विचार करत होती, तुझं नाव पहिले कोण्या रांडेनं घेतलं असेल. मले वाटायचं, कोणी दुष्ट असेल, दात विचकणारी. आता वाटते, माझ्यावाणीच कोणी म्हातारी असेल. खाटेवर बसलेली, हातात चहा, एवढे लोक विचाराले आले म्हणून खुश. अन् तिनंही म्हटलं असेल, मले जरा पाहू द्या.

हे पत्र टाकाले डाकपेटी नाही, अन् असती तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट आहे ते कोणाच्याच हाती लागू नये. तो भाऊ नाव मागून राहिला होता तवा, माय, माझ्या जिभेवर खरंच एक नाव आलं होतं. काकीचं नाही. त्या सुनेचं. ती सगळ्या वेळात एकदाही रडली नाही, खालीच पाहत होती, डोळा न उचलता, अन् मालिका पाहून पाहून सवय लागलेलं माझं मन एका क्षणात म्हणलं, हीच. बिचारी माझ्यापेक्षा जास्त भ्यायलेली होती, बाकी काही नाही. मी दात दाबून धरले म्हणून ते नाव आतच राहिलं. त्या लोकांपेक्षा मले माझ्या तोंडाचंच भेव वाटते.

पांढऱ्या गाडीवाले आमच्या गावचा बाजार करून, बुधवारी येतो म्हणाले.