घर सुनेचं, गोष्टही तिचीच

मी, खाली सही करणारी निवृत्त परिचारिका, या वॉर्डात सगळ्यांची ‘सिस्टर’, हे मृत्युपत्र स्वखुशीने करून देते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. शरीर थकलं आहे, म्हणून मी सांगितलं आणि वकीलसाहेबांनी लिहिलं. त्यांचे जड शब्द मी राहू दिले. माझे मधलेमधले त्यांनी राहू द्यावेत.

१. माझ्या स्वकष्टार्जित दोन खोल्या, गच्चीच्या हक्कासह, माझ्या पश्चात माझ्या सुनेला मिळाव्यात. मुलगा तिला सोडून दुसरीकडे संसार थाटून बसला. ती माझ्याजवळ राहिली. तेव्हा ‘सून’ म्हणजे हीच. वकीलसाहेब म्हणाले, हे स्पष्ट असलेलं बरं.

२. मुलाला त्याच्या वडिलांचं मनगटी घड्याळ. ते पुढे पळतं. त्यालाही कायम घाईच असते. हे आकसाने लिहीत नाही. म्हणजे थोडं आकसानेच. तो इथे आला तेव्हा आधी घराचं विचारलं, मग तब्येतीचं.

३. माझं लाकडी स्टूल या वॉर्डाला. निवृत्तीनंतर मी इथे, बरं न होणाऱ्या माणसांजवळ बसून त्यांच्या आयुष्याच्या गोष्टी लिहून घेत असे आणि टाइप करून घरच्यांना देत असे. त्या कामाला खुर्ची नको, पाठ टेकली की ऐकणारा पेंगतो. बोलणारा थांबला तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नये. पाणी द्यावं आणि बसून राहावं.

४. माझ्या गोष्टीबाबत. आता खाटेवर मी आणि स्टुलावर गोष्टी लिहून घेणारी नवी मुलगी. तिने विचारलं, मी सांगू लागले: पहिली भिंत बांधली तेव्हा ओळंबा धरायला वडील शेजारी उभे होते. सून हळूच म्हणाली, “आई, हे तुमचं नाही. हे तुम्ही लिहून घेतलेल्या त्या गवंड्याचं.” खरंच होतं. पुन्हा सुरुवात केली, ते निघालं एका बस कंडक्टरचं. इतक्यांचं ऐकून घेतलं की माझं कुठे ठेवलं तेच सापडेना. फार दमले. सुनेला म्हटलं, तूच सांग.

तिने सांगितलं. मुलगा घर सोडून गेला त्या दिवशी मी ड्यूटीवरून आले, तर ती बॅग भरत होती. माहेरी तिला कुणी घेणार नव्हतं, तरी भरत होती. मी चपला न काढताच म्हणाले, “तू कुठे निघालीस? ज्याला जायचं होतं तो गेला.” मग तिचे कपडे मीच परत कपाटात लावले आणि कुलपाचा खण होता तो तिला दिला.

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. यात गोष्ट कसली, असंच वाटलं. पण लिहिणारी मुलगी लिहायची थांबली होती आणि सून खिडकीकडे तोंड करून उभी होती. म्हटलं, हीच घाल.

मुलगा म्हणतो, तेवढा भाग गाळ, नातेवाईक वाचतील. मी नाही म्हटलं. दुसऱ्यांच्या गोष्टींना मी कधी नातेवाइकांचा हात लागू दिला नाही. ही गोष्ट सुनेच्या ताब्यात राहील. कुणाला वाचायला द्यायची की फाडून टाकायची, ते तिने ठरवावं. ठेवलीच, तर त्यातला शब्द बदलू नये.

५. माझ्यामागे कुणी माझ्या मोठ्या मनाबद्दल भाषण करू नये. त्या दिवशी रिकाम्या घरात एकटीने राहायची मला भीती वाटली होती. हे आत्ता, सांगता सांगता आठवलं. मुलगा आला तर त्याला बसायला द्यावं.

सही थरथरली आहे, पण माझीच आहे.

साक्षीदार:
१. वॉर्डचे डॉक्टर (सही)
२. शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशी (सही)

स्थळ: वॉर्ड, खिडकीजवळची खाट
दिनांक: वकीलसाहेबांच्या शिक्क्याप्रमाणे

ता. क. सुनेला मिळकत मिळते आहे, म्हणून साक्षीला तिला बसू दिलं नाही. ती बाहेर बाकावर आहे. सह्या झाल्या की तिला आत बोलवा.