तीन अर्जांतली लाँच

भोर. मंगळवार, १२ ऑगस्ट. संध्याकाळ.

उद्या अकराला तालुक्याच्या सभेत माझी यादी वाचणार. गावोगावच्या लोकांचे चारशे अर्ज, विषयवार लावलेले. ते लावणारं संगणकाचं मॉडेल माझं, कुठल्याही कॉलेजात न शिकता बांधलेलं. शब्दांच्या शक्यता मोजून ते प्रत्येक अर्जाला एक-दोनच विषय देतं, बाकी सगळ्या विषयांना शून्य, म्हणजे गोंधळ नाही. त्या शून्यांचाच मला अभिमान. चार लोकांत मिरवलाही.

आज कचेरीतल्या शबानाताईंनी ‘रस्ते’ गठ्ठ्यातला एक अर्ज माझ्यापुढे ठेवला. “भाऊ, ह्या बाईंनी रस्ता कुठं मागितलाय? धरणापलीकडं जायची लाँच बंद हाय म्हणत्यात. सुनेला नववा लागलाय. तुमी वाचला व्हय ह्यो?”

“मशीननं वाचलाय.”

“मग मशीनलाच सांगा तिला पल्याड न्यायला.”

हसू आलं नाही. घरी येऊन तपासलं. पाचपेक्षा कमी अर्जांत येणारे शब्द मीच कचरा म्हणून आधी काढून टाकले होते. लाँच तीनच अर्जांत. तीनच, कारण त्या बाईंच्या वाडीत घरंच तीन. म्हणजे मॉडेलला तो शब्द दिसलाच नाही. मीच दिसू दिला नाही.

ही पाचाची अट काढून मॉडेल पुन्हा चालवलं. तरी तीन अर्जांचा वेगळा विषय होईना, परत रस्त्यांतच. गप्प बसलो तर सभेत कोणाला कळणार? पण ती सून?

शेवटी यादीच्या वर पेनानं लिहिलं: ‘लाँच बंद. अर्ज तीन. आधी हे घ्या.’ खाली सही केली, आणि सहीखाली: ‘हे मशीनला सापडलं नाही. चूक माझी.’