मशीनच्या नाकाले कुंकू

२९ सप्टें., सोम.
भिवापूरच्या बायांच्या गटाचं तिखट आज आमच्या लॅबच्या मशीनवर लावलं. त्यात कपडे रंगवायचा रंग आहे का ते पाहायचं होतं. आकडे नुसते हलून राहिले. मॅडम म्हणाल्या, कोन काळा पडला, धुऊन घे, दसरा झाला की पुन्हा लावू.
कोन म्हणजे मशीनचं नाक. बोराएवढा स्टीलचा शंकू, टोकाला सुईचं भोक. नमुन्याचा फवारा त्यातूनच आत जाते.
मी दहावी नापास. मेहकर सोडल्यावर ढाबा, टेम्पो, रंगकाम, कुठंच सहा महिने टिकलो नाई. इथं फरशी पुसायले आलो, मॅडमनं हा कोन हातात दिला. चार वर्षं झाली.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
कोन गरम पाण्यात, मग मिथेनॉलमध्ये, थरथरणाऱ्या टाकीत दोनदा. आरशासारखा निघाला. फॉइलवर वाळत ठेवला.
स्टोअरचे गजूभाऊ पूजेचं ताट घेऊन फिरले. तराजू, ओव्हन, मशीनचं दार, सगळ्याले हळदकुंकू. म्हणे, तुह्यं हत्यार कोणतं गा, झाडू?
मले राग आला. ते ताट ठेवून गेल्यावर कोनालेच कुंकवाचं बोट लावलं. हात जोडले. मग मिथेनॉलनं पुसला, कागद पांढरा येईपर्यंत. बसवला. व्हॅक्यूम चालू केला.

३ ऑक्टो., शुक्र.
नुसतं पाणी लावलं तरी रंग. कपड्याचा गुलाबी. पडद्यावरची रेघ खाली बसतच नाई.
मॅडम म्हणाल्या, "तू धुतलाय म्हणजे कोन साफच. त्या तिखटातलाच रंग आत चिकटलाय. धुऊनही जात नाही, म्हणजे किती घातला असेल बघ."
मी मान हलवली. कुंकवाचं काहून नाई सांगितलं.
दुपारी गटाच्या सुमनताई रिपोर्ट मागायले आल्या. पन्नाशीच्या, हातावर तिखटाची जळजळ कायमची. दिवाळीच्या मसाल्याचा माल बांधून तयार आहे, रिपोर्ट नापास आला तर सगळा वापस. मॅडमनं मंगळवार सांगितला. जाताना ताई मले म्हणे, बापू, आम्ही एकेका मिरचीचं डेख हातानं खुडतो ना, रंग कायले घालू.

४ ऑक्टो., शनि.
गजूभाऊले सांगितलं. ते हसले, मग हसणं बंद झालं. "तोंड शिवून ठेव. मॅडमले कळलं तर तू पुन्हा टेम्पोवर."

५ ऑक्टो., रवि.
ताटातल्या कुंकवाची पुडी खिशात आणली होती. खोलीवर चिमूटभर पाण्यात टाकलं. खिडकीतल्या उन्हात गिलास पेटल्यासारखा गुलाबी, तोच कपड्याचा. बोट तीनदा साबणानं धुतलं, नखात राहिलंच. स्क्रूच्या आट्यात, भोकाच्या काठात किती राहिलं असन.
सक्करदऱ्याच्या तलावाले दोन चकरा मारल्या. बसस्टँडवर जाऊन मेहकरची गाडी पाहिली. निघून जावं. फोन बंद करून टाकावा. मग त्या बायांचं...
चढलो नाई.

६ ऑक्टो., सोम.
मॅडम रिपोर्ट टाइप करत होत्या. पुडी टेबलावर ठेवली, सगळं सांगितलं.
मॅडमनं पुडी उघडून पाहिली. मग म्हणाल्या, "शुक्रवारी मी बोलले तेव्हा तू समोर उभा होतास ना?"
हो म्हटलं.
"कुंकवाचं समजू शकते मी. शुक्रवारचं नाही."
रिपोर्ट मिटवला. मशीन थंड केली. म्हणाल्या, तूच काढ, पण मी बसते समोर. चार वर्षांत पहिल्यांदा माह्या हातावर नजर ठेवून कोणी बसलं. स्क्रू दोनदा निसटला. त्यांनी उचलून दिला. ॲसिडच्या पाण्यात तीनदा. कोन बसते त्या खोबणीची आतली भिंतही पुसली. संध्याकाळी व्हॅक्यूम लावला.
लॅबच्या मोठ्या साहेबांले उद्या सांगणार म्हणाल्या. काय सांगणार, ते विचारलं नाई.

७ ऑक्टो., मंगळ.
सकाळी पाणी लावलं. रेघ उतरली, पण बसली नाई. मॅडम म्हणाल्या, आणखी पाणी सोडत राहा. साहेबांनी त्यांना आत बोलावलं. दार बंद आहे.
गटाचं तिखट अजून लावलं नाई. ते साफच निघन हे तरी मले कुठं माहीत. नाक साफ झाल्याबिगर कोणालेच माहीत होणार नाई.
सुमनताई बाकड्यावर येऊन बसल्या. विचारलं, काय निघालं बापू?
म्हटलं, "अजून माह्यंच निघून राहिलं, ताई."
त्यांना समजलं नाई. सरकून बाजूले जागा केली.