अकरावा आलेख

२ जानेवारी, संध्याकाळी ७.१०
नववाही खोटा! अंतराळातली दुर्बीण गॅमा किरणांचा स्फोट दिसल्यासारखा वाटला की आलेख पाठवते. जगभरचे आम्ही स्वयंसेवक मोबाइलवर 'खरा' किंवा 'खोटा' दाबतो. एक जरी खरा ओळखला, तर शोधकांच्या यादीत नाव. मी 'खरा' दाबतो आणि दुपारी उत्तर येतं : सूर्य होता. नागभीडला बारावीला फिजिक्स शिकवतो मी. दोष दुर्बिणीचा आहे.

५ जानेवारी
नाटक मंडळाच्या वामनरावांनी पोस्टर छापलं. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या दिवशी वडशाची नाटक कंपनी येणार, उद्घाटक मी : 'स्फोट शोधणारे शास्त्रज्ञ'. मी 'शोध लागल्यातच जमा' एवढंच म्हटलं होतं. ते म्हणाले, सर, पोस्टर लागले, आता तुमी शोधा. पंधरा तारखेच्या आत.

८ जानेवारी
दहावा. 'खरा' दाबून स्टाफरूममध्ये पेढे वाटले. दुपारी उत्तर : पृथ्वीवरच्याच ढगातली वीज. संताप! मुखरू शिपाई म्हणाला, सर, पुढच्या टायमाले बुंदी आणजा.

११ जानेवारी
माझी बायको हर्षा सरकारी दवाखान्यात नर्स आहे. म्हणाली, आमच्या वार्डात मशीन दिवसभर बोंबलते, पेशंटनं हात हलवला तरी. मी पहिले पेशंटले पाहते. तुमी पहिले पेढे आणता. नर्सिंग वेगळं, विश्व वेगळं, हे तिला समजावलं. ती ड्युटीवर निघून गेली.

१३ जानेवारी, सकाळी ६.००
संकल्प : उतावीळपणा बंद. खरा शास्त्रज्ञ आधी संशय घेतो.

६.४०
अकरावा. रेघ सरळ आभाळात. इतकी ठळक की हसूच आलं. मला काय मूर्ख समजतात? 'खोटा' दाबलं. हर्षा मागून म्हणाली, अवो, हे तर खरं दिसून राह्यलं. मी फोन पालथा ठेवला.

१४ जानेवारी
मेल आला. गेल्या वर्षभरातला सगळ्यात मोठा स्फोट. दोन हजार अठ्ठावीस जणांनी 'खरा' म्हटलं, त्या सगळ्यांची नावं यादीत. 'खोटा' म्हणणारा एकच. दिवसभर जेवण गेलं नाही.

१५ जानेवारी
माइक हातात आल्यावर खोटं बोलवेना. पेढे, वीज, दोन हजार अठ्ठावीस, सगळं सांगून टाकलं. रडू येत होतं. लोक पोट धरून हसले. वामनराव खूश : सर, तुमी कॉमेडी करता हे आधी काऊन नाई सांगतलं?
हर्षा पहिल्या रांगेत होती. ती एकटी हसली नाही. तेच जास्त लागलं.