रोमची गादी आणि वडगावचं घर

लिहून ठेवणार : कस्तुराबाई हौसराव कुरुमकर, वय एकाहत्तर, निवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार वडगाव रासाई, तालुका शिरूर, जिल्हा पुणे.

माझं डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी कुणाच्या दडपणाखाली नाही. रागात मात्र थोडी आहे, पण राग हा आजार नव्हे, असं डॉक्टर तोंडी म्हणाले.

शाळेतली मुलं पाठीमागे मला रोमबाई म्हणत. पुस्तकात रोमवर एकच धडा होता आणि मी त्यावर अख्खा पावसाळा काढायचे. त्याचं कारण आज लिहिते. रस्ते कसे बांधावेत, पाणी कसं आणावं, हे सगळं त्या लोकांना कळलं; आपल्यामागे गादी कुणाला द्यावी, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्याही घराला ते कळलेलं नाही, म्हणून हा कागद करते आहे.

१. माझे यजमान हौसराव मागच्या वर्षी चैत्रात वारले. गावच्या दूध संस्थेचे ते वीसेक वर्षं चेअरमन होते. ते चेअरमन कसे झाले हे दशक्रियेच्या भाषणांत कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. संस्थेच्या दारात दोन गट हातघाईवर आले होते आणि हे कडब्याच्या गंजीआड लपले होते. तिथून त्यांना ओढून काढलं आणि तडजोडीचा माणूस म्हणून खुर्चीवर बसवलं. रोमचा क्लॉडियस असाच पडद्यामागे सापडला आणि शिपायांनी त्याला सम्राट केला. दोघांनीही पुढे कारभार बरा केला, हेही नोंदवते.

२. माझा मुलगा पप्पू. रोमला खरे सुखाचे दिवस आले ते ओळीने चार सम्राटांनी कर्तबगार माणूस हेरून दत्तक घेतला तेव्हा. त्यांच्यानंतरचा मार्कस ऑरेलियस सगळ्यांत शहाणा, पण त्याला पोटचा मुलगा होता आणि तिथेच घात झाला. तो मुलगा कॉमोडस. त्याला राज्यापेक्षा आखाड्यात उतरायची हौस. आमच्या शहाण्यानेही जाताजाता खुर्ची पोराच्या हवाली केली. पप्पू बैलगाडा शर्यतीच्या घाटात जितका वेळ असतो, त्याच्या निम्मा वेळ संस्थेत बसता तर लोकांनी दूध खाजगी डेअरीला घातलं नसतं. कॅलिग्युला आपल्या घोड्याला मोठं पद देणार होता म्हणतात. पप्पूने घाटातला आपला दोस्त शंभू याला संस्थेचा संचालक केलं. यात घोड्याचा अपमान करण्याचा माझा हेतू नाही.

हे मी त्याला एकदा समजावून सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू तुझ्या रोममधी ऱ्हा. हितलं मी बघतो."

वडिलांच्या जमिनीतला त्याचा वाटा कायद्यानेच त्याला मिळालेला आहे. त्यावर माझ्याकडून शर्यतीचा गाडा, दोन्ही खोंडं आणि हौसरावांच्या सत्काराचे सगळे फेटे त्याला द्यावेत. तो उपाशी राहील, अशी काळजी कुणी करू नये.

३. इनामगावचे माझे बंधू तात्याबा यांस एक साडी. आमच्याकडची रीत अशी की बाप गेला की भाऊ बहिणीला जेवायला बोलावतो, साडी नेसवतो आणि कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतो. बहिणीचा वाटा भावाला जातो आणि बहिणीचं माहेर शाबूत राहतं. माझ्या सहीच्या बदल्यात तात्याबाने दिलेली साडी पहिल्याच धुण्यात अशी विटली की हौसरावांचं धोतर गुलाबी झालं. दुसरं वाळलेलं नव्हतं, म्हणून ते तसेच मीटिंगला गेले. साडी मी जपून ठेवली आहे. ती तात्याबाच्या हातात द्यावी आणि धोतराची गोष्टही सांगावी.

४. आता मुद्द्याचं. यंदाच्या राखीला माझी मुलगी नीलम दौंडहून आली. पप्पूने ओवाळून घेतलं, साडी दिली आणि "चल, शिरूरला हाटेलात जेवू" म्हणून तिला गाडीत बसवलं. पिशवीत तिचं आधार कार्ड कशाला, हे मी विचारलं तेव्हा दोघंही माझ्याकडे बघेनात. वडिलांच्या जमिनीचं हक्कसोडपत्र तयार होतं. पण राखी शनिवारी आली होती, आणि स्वतःला पुढारी म्हणवणाऱ्या माझ्या मुलाला शनिवारी कचेरी बंद असते हे ठाऊक नव्हतं. दोघं मिसळ खाऊन परत आली.

संध्याकाळी मी नीलमला विचारलं, "तुला द्यायची आहे का जमीन?"

ती म्हणाली, "न्हाई गं. पण सही न्हाई केली तर माहेर तुटंल. आन् जमीन घिऊन मी दिवाळीला कुणाच्या दारात जाऊ?"

पप्पू ओट्यावरून ऐकत होता. तो म्हणाला, "सही व्हत न्हाई तवर भाऊबीजेला येऊच नगं."

माझी सून सुलक्षणा नुकतीच कंपनीच्या बसमधून उतरली होती. रांजणगावच्या कारखान्यात ती तपासणीच्या लाइनवर उभी असते आणि हे घर तिच्या पगारावर चालतं. तिने चप्पलही काढली नव्हती. ती म्हणाली, "ताई, तुम्ही खुशाल या. मी हाय की."

पप्पू म्हणाला, "तू बोलावनारी कोन? घर कुनाचं हाय?"

सुलक्षणा आत जाऊन कणीक मळायला बसली. मला त्या क्षणी पोटच्या पोराची लाज वाटली, आणि अजून वाटते. भाऊबीजेआधी तो पुन्हा नीलमला नेणार आहे, आणि या खेपेला कचेरीच्या सुट्ट्या बघून.

५. सम्राट ऑगस्टसला एकच मुलगी होती, ज्युलिया. वारस हवा म्हणून बापाने तिचं तीन ठिकाणी लग्न लावलं. पुढे तिच्याच वंशातून कॅलिग्युला आणि नीरो गादीवर आले. तिला काय मिळालं? बापाने तिला एका ओसाड बेटावर टाकली. हा धडा शिकवताना मुली माझ्याकडे टक लावून बघायच्या, आणि मी तास संपला म्हणून फळा पुसायचे.

हौसरावांच्या जमिनीतला माझा स्वतःचा वाटा मी नीलमला देते. माझ्या पाटल्यांपैकी एक नीलमला, एक सुलक्षणाला.

६. रोममध्ये सम्राट मेला की ठराव करून त्याला देव करत. आपल्याकडे फ्लेक्स लावतात. माझा लावू नये. दशक्रियेला पुढाऱ्यांची भाषणं ठेवू नयेत, आणि ठेवलीच तर शंभूला माईक देऊ नये.

७. राहतं घर. हे मी माझ्या पगारातून बांधलं, उतारा माझ्या नावावर आहे. ऑगस्टसच्या बायकोने झाडावरच्या अंजिरांना विष लावून नवऱ्याला मारलं, अशी वदंता आहे. आमच्याही परसात अंजीर आहे, पण हौसराव हृदयविकाराने गेले आणि त्या सकाळची अंजिरं आम्ही एकाच ताटलीतून खाल्ली होती. गावात कुजबुजणाऱ्यांनी हे वाचावं.

हे घर, परस आणि अंजिरासकट, मी माझी सून सुलक्षणा हिला देते. पप्पूने तिथे तिचा नवरा म्हणून सुखाने राहावं, मालक म्हणून नाही. सुलक्षणाने घर पुन्हा त्याच्या नावावर करू नये, ही माझी अट नाही, विनंती आहे. अशी अट कोर्टात टिकत नाही, असं वकील म्हणाले.

हे सुलक्षणाला सांगितलं तेव्हा ती रडली. "आत्या, लोक म्हनतील सुनंनं म्हातारीला गुंडाळलं."

मी म्हटलं, "म्हणू देत. ऑगस्टसच्या बायकोलाही लोकांनी सोडलं नाही."

नीलम, हे शेवटचं तुझ्यासाठी. पप्पू कागद पुढे करील तेव्हा सही करायची की नाही, हे तुझं तू ठरव. मी आता सांगणार नाही. पण माहेर तुटेल म्हणून करू नकोस. मी आहे तोवर भाऊबीजेला दार मी उघडीन, माझ्यामागे सुलक्षणा उघडील. तुझं माहेर मी तुझ्या भावाच्या हातात ठेवलेलं नाही.

वरचा सगळा मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, चष्मा लावून दोनदा वाचला आणि साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

सही : कस्तुराबाई हौसराव कुरुमकर

साक्षीदार :
१. बाळासो गेनबा पवार, निवृत्त मुख्याध्यापक, वडगाव रासाई
२. म्हाळसा विठोबा शेंडगे, शेजारी, वडगाव रासाई

ठिकाण : शिरूर
दिनांक : ९ ऑक्टोबर २०२५, वार गुरुवार (कचेरी उघडी असल्याची आधी खात्री केली)