चौथी खाच

बाबा,

साताऱ्याचं आपलं गॅरेज बंद होऊन किती वर्षं झाली, तरी दिसेल त्या मोटरसायकलच्या सीटवर तळहात दाबून बघायची माझी खोड गेलेली नाही. ती तुमचीच. गिऱ्हाइकाला तुम्ही कधी वजन विचारलं नाहीत. "माणूस खोटं सांगतो, स्प्रिंग सांगत नाही. बस की, रोज बसतोस तसा," म्हणायचात, आणि गाडी किती दबते ते बघून मागच्या दोन्ही शॉकअपच्या रिंगा पान्याने फिरवायचात. एकटाच चालवणारा असेल तर दुसरी खाच, मागे कुणी बसत असेल तर स्प्रिंग आणखी कडक, चौथी.

परवा इथे लंडनला, हॅरोच्या घरी शेडमधून लॉनमोअर काढायचा म्हणून नवऱ्याची मोटरसायकल बाजूला सरकवत होते. सवयीने सीट दाबली, तर हाताला कडक लागली. गाडी घेतली तेव्हा मीच रिंगा दुसऱ्या खाचेत लावल्या होत्या. वाकून बघते तर चौथी, दोन्ही बाजूंना. मनात पाल चुकचुकली. दर रविवारी सकाळी हा एकटाच जातो, "जरा मोकळा होऊन येतो" म्हणतो आणि जेवायच्या वेळेला परततो. माझं हेल्मेट शेल्फवर धूळ खात पडलेलं. म्हणजे मागे बसणारीसाठी वेगळं घेतलं असणार, इथपर्यंत मी पोचले. कोण, हेही ठरवून टाकलं: त्याच्या ऑफिसातली ती, मेट्रोपॉलिटन लाइनला रोज त्याच्याच डब्यात चढणारी. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मागे कुणाला तरी बसवून फिरायची अक्कल आमच्या घरात आधी मलाच सुचली होती.

कॉलेजला जायला तुम्ही मला एक जुनी गाडी नीट करून दिली होतीत. एका सकाळी मी निघतेय आणि तुम्ही चाकाशी उकिडवे बसून मागच्या मडगार्डच्या आत बोट फिरवताय. टायर घासल्याची खूण तिथे होती. "मागं कोण बसतं?" मी म्हणाले, मैत्रीण. तुम्ही वर बघितलंही नाहीत. पाना उचललात, दोन्ही रिंगा चौथीवर चढवल्यात आणि म्हणालात, "मैत्रीण खात्यापित्या घरची दिसती." मी संतापले. माझ्यावर पाळत ठेवता म्हणून तुम्हाला नाही नाही ते बोलले, आठवडाभर अबोला धरला. तुम्ही पुन्हा तो विषय काढला नाहीत. त्या दिवाळीच्या आधीच तुम्ही गेलात.

नवऱ्याला मी काहीच विचारलं नाही. शनिवारी दुपारी गुपचूप शेडमध्ये जाऊन दोन्ही रिंगा दुसऱ्या खाचेत उतरवल्या. मागे कुणी बसली तर टायर मडगार्डला टेकेल, हा पुन्हा रिंगा चढवेल, आणि पुरावा माझ्या हातात येईल, असा माझा डाव. रविवारी तो लवकर परतला, चेहरा पांढराफटक. "अगं, स्टॅनमोरच्या पुढे बेंडवर खड्डा आला, गाडी मागून पार बसली आणि वाइड गेली. समोरून व्हॅन येत होती. लिटरली वाचलो." तरी माझ्या तोंडातून निघालं ते हेच, "मागे कोण होतं?" तो म्हणाला, "मागे? मागे कोण असणार?" गाडी किती दबते ते मोजायला मी टेप आणली. म्हणाले, "बस. रोज बसतोस तसा." जॅकेट-बुटांसकट, भिंतीला एक हात टेकून तो बसला, आणि त्या एकट्याने गाडी दोघांइतकी दाबली. मी टेपकडे बघतेय, तो जमिनीकडे. "दोनच स्टोन वाढलंय," तो म्हणाला. "ईलिंगच्या गॅरेजवाल्याने मला बसवून बघितलं आणि चौथीवर लावून दिली. तुला सांगितलं असतं तर तू डाएटवर लेक्चर दिलं असतंस. आणि संडेला मी कॅफेत जातो गं. फुल ब्रेकफास्ट, एक्स्ट्रा टोस्ट." दोन स्टोन म्हणजे बारा-तेरा किलो. इथे वजन स्टोनमध्ये सांगतात, ते लपवायला बरं पडतं. मला आधी हसू फुटलं आणि मग तिथेच शेडच्या पायरीवर बसून मी रडले. तो समजला, माझं त्याच्यावर फार प्रेम आहे म्हणून. आहेच, पण रडण्याचं कारण वेगळं होतं.

संशय तुम्हालाही आला होता, बाबा. पण तुम्ही रिंग चढवलीत, म्हणजे तुमची मुलगी आणि तिच्या मागचा जो कोण असेल तो, दोघंही वळणावर नीट राहतील. मी ती उतरवली. तुमच्या पोटी जन्मून, स्प्रिंगचं काम कळत असून उतरवली, याची मला लाज वाटते.

मैत्रीण कोण हे तुम्हाला तेव्हाच उमगलं होतं, माझ्या तोंडून सांगायचं तेवढं राहिलं. माझा हाच नवरा होता तो. तेव्हाही खात्यापित्या घरचाच. रिंगा मी पुन्हा चौथीवर लावल्यात. त्या खाली आल्या कशा, असं त्याने काल विचारलं, तर मी म्हणाले, गॅरेजवाल्याने नीट बसवल्या नसतील. हे पत्र पान्याच्या डब्यात, तळाशी ठेवतेय. त्याला खरं सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.