सहाच्या आकड्याजवळची चीर

अहो,

“रोज चावी दे, बाळ, पण घड्याळाची तबकडी कुणाला बदलू देऊ नकोस.” बाबांचं हे शेवटचं सांगणं, आणि मी हो म्हटलं होतं. आज माझं मौन आहे, म्हणून लिहून ठेवते.

जप डोळे मिटून करते, पण त्यानंतर बाबांच्या घड्याळाला चावी देताना ते उघडे असतात. त्याची तबकडी मधाच्या रंगाची, सहाच्या आकड्याजवळ केसाएवढी चीर. तुम्ही ते ‘साफ करून’ आणलंत आणि चीर नाहीशी झाली. देवाची करणी म्हणून मी हातही जोडले. मग कपाट पुसताना तीच चीर तुमच्या तसल्याच घड्याळात दिसली.

काल तुमच्या घड्याळजीकडून दोन्ही तबकड्या पुन्हा आपापल्या घड्याळात बसवून आणल्या. बिचारा म्हणाला, “वहिनी, मला वाटलं तुम्हाला विचारूनच बदलल्या.”

जेवण झाकून ठेवलंय. कोट इस्त्री करून दाराला अडकवलाय. संध्याकाळी संग्राहकांना ‘अस्सल’ म्हणून जे घड्याळ दाखवणार आहात, त्यात आता तुमचीच जुनी, नव्याने रंगवलेली तबकडी आहे. दुसरं नेता येणार नाही. आमंत्रणावर त्याचाच फोटो छापलात.

बाबांचं घड्याळ मनगटावर बांधून मी पुढे निघालेय. पहिल्या रांगेत बसेन. माझं मौन दिवेलागणीला सुटतं. कुणी विचारलं तर खरं सांगेन, आणि नाही विचारलं तरी सांगेन. बाबांना हो म्हटलंय.